पुतलीबावलीत आमची पद्मिनी

उदगीर, देगलूर, निलंग्याकडचा माणूस हैदराबादला जातो तो ठरलेल्या कामांसाठी. डोळ्याचं ऑपरेशन, लग्नाचा बस्ता, मोत्याचा सर, फार तर पोरांना चारमिनार दाखवायला. गाडीचा सुटा भाग शोधायला जाणारे थोडेच. पण ज्याच्या दारात जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बॅसिडर उभी आहे, त्याला पुतलीबावली आणि सिकंदराबादचं राणीगंज ही नावं तोंडपाठ असतात.

आमच्या दारात १९८६ ची प्रीमिअर पद्मिनी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नवी कोरी घेतलेली. मूळची ही इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं विकली गेली. ती बनवणाऱ्या प्रीमिअर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. कारखाना बंद होऊन आता पाव शतक होत आलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

आमच्या गाडीला दोन दुखणी लागली होती. पहिलं असं की गावात ती ठीक चालायची, पण हमरस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटर झाले की धापा टाकून बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू! दुसरं दुखणं स्टेअरिंगचं. पन्नासच्या पुढे चाक हातात थरथरायचं आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ व्हायचं नाही, ओढून आणावं लागायचं. आमच्याकडे एका गॅरेजात कार्बोरेटर चार वेळा उघडून झाला, स्टेअरिंगच्या पेटीचा स्क्रू आवळून झाला. फरक शून्य.

अशात नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते. धाकटा भाऊ म्हणाला, "भंगारात देऊन टाकू." त्याचं चूक नव्हतं. त्याची लेकरं त्या गाडीत बसतात आणि हाताचं न ऐकणारं स्टेअरिंग हा काही लाडाचा विषय नाही. पंच्याऐंशी वर्षांचे अण्णा एवढंच बोलले, "एकदा हैदराबादला दाखवू. मग तुम्ही म्हणाल तसं."

अशा स्टेअरिंगवर दोनशे किलोमीटर चालवत नेणं शक्यच नव्हतं. टेम्पोवर चढवून दोरखंडानं बांधली. गावातून निघताना चार ठिकाणी लोकांनी विचारलं, "विकली का?" अण्णा टेम्पोत पुढे बसून समोर बघत राहिले. बीदर, जहिराबाद, सदाशिवपेठ, संगारेड्डी असं करत दुपारी शहरात शिरलो.

पुतलीबावली म्हणजे कोठीजवळचा गजबजलेला भाग. दुकानांच्या दारांवर गॅस्केटं, वायरी, आरसे तोरणासारखे लटकलेले. मागच्या गल्लीत आम्हाला हवा होता तो मिस्त्री बसतो. वय सत्तरीचं, सगळे त्याला चाचा म्हणतात. आपल्याकडे बॉनेट उघडून पाना हातात घेतात, मग विचारतात. चाचानं आधी स्टूल पुढे केलं आणि अण्णांना विचारलं, "पैले ये बोलो साब, बंद कब पड़ती? चढाव पे, कि सीधे रस्ते पे बी?" अण्णांनी दखनीतच उत्तर दिलं. त्यांची गट्टी तिथेच जमली. (दखनीतला 'वैसाच', 'अबीच' मधला 'च' आपल्या मराठीतून गेलेला आहे. घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं ते त्यामुळेही असेल.)

"कार्बोरेटर कू हात नक्को लगाओ," त्यानं पोऱ्याला बजावलं. त्याचं गणित सरळ होतं. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. गावात हळू चालताना तेवढं पुरतं. रस्त्यावर वेग धरला की खर्च जास्त आणि मागून येणारं कमी, मग वाटी रिकामी होते. दहा मिनिटांत ती पुन्हा भरते म्हणून गाडी सुरू होते. म्हणजे खोट वाटीच्या मागे शोधायची.

त्यानं एक चक्कर मारून आल्याबरोबर टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स असा आवाज आला असता तर हवेचं भोक बुजलंय असं ठरलं असतं. तो आला नाही. मग पंपाची नळी कार्बोरेटरपासून सोडवून बाटलीत धरली आणि स्टार्टर मारायला लावला. पेट्रोलची पिचकारी जोरदार यायला हवी. आली ती केविलवाणी, वर तळाला तांबूस कण. टाकीतून येणारा रबरी पाइप दाबून दाखवला. पेढ्यासारखा मऊ! आतून फुगून वाट अडलेली.

हे हल्ली बऱ्याच जुन्या गाड्यांचं होतं. २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. जुन्या काळच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. ते हवेतली ओल धरतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळही सोडवतं. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला नावं कशी ठेवायची, पण नळ्या तरी बदलाव्यात. चाचानं टाकी उतरवून धुतली, नळ्या नव्या घातल्या, पंपाचा पडदा बदलला, मध्ये एक गाळणी बसवली. कार्बोरेटर उघडला तो सगळ्यात शेवटी. तेव्हा कळलं की आधीच्या साफसफाईत जेटात तार घालून त्याचं भोक मोठं झालंय. जेट फुंकून साफ करतात, टोचून नव्हे. जुन्या बिस्किटाच्या डब्यातून त्यानं दुसरं जेट काढलं.

स्टेअरिंगची तपासणी तर बघत राहावी अशी. पुढचं चाक जॅकवर उचललं. दोन्ही बाजूंना धरून हलवलं: टायरॉडचे सांधे ठीक. वर-खाली धरून हलवलं तर खटखट वाजलं. मग पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर चाकाचं बेअरिंग ढिलं, तशीच राहिली तर किंगपिन. ती राहिली. ज्या खिळीवर चाक वळतं तिचे बुश ग्रीसअभावी झिजले होते. हालचाल होती खाली चाकाजवळ आणि ती घालवायला आवळली होती वरची पेटी. म्हणून थरथर गेली नाहीच, उलट चाक परत सरळ येईना. "सर दुखता था, पाँव कू पट्टी बाँधे," चाचा म्हणाला आणि अण्णा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

बुश दाबून बसवायचे, मग रीमर फिरवून पिनेच्या मापाचे करायचे. लेथवाल्याकडे दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत अण्णांनी मला जवळच जांबागला नेऊन विवेकवर्धिनी दाखवली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईकांसारख्यांनी निजामी राजवटीत उभं केलेलं मराठी शिक्षणाचं ठिकाण. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात. अण्णा काकांकडे राहून तिथे शिकले. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली आणि आम्ही मुंबईकडे गेलो. फाटकाशी ते बराच वेळ उभे होते. आत जाऊ म्हटलं तर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौमहल्ला राजवाडा. (शुक्रवारी बंद असतो, लक्षात ठेवा.) तिथे निजामाची पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, पण १९११ साली ते वारले आणि गाडी नंतर आली. मागची बैठक सिंहासनासारखी उंच. समारंभापुरतीच निघायची, त्यामुळे फार थोडी चालली. सगळे फोटो काढत होते. अण्णा मात्र वाकून पुढची चाकं बघत होते. "उभी राहून राहून गाडीचे सांधे धरतात," म्हणाले. गाडीचं म्हणाले की आणखी कशाचं, मी विचारलं नाही.

चाचानं गाडी ताब्यात देताना पेटीचा स्क्रू सैल केलेला दाखवला, चाकांचं माप जुळवलं आणि आधी स्वतः फेरी मारून आणली. वळणावर हात सोडला, चाक सुरेख सरळ झालं. दर हजार किलोमीटरला किंगपिनला ग्रीस, हे त्यानं अण्णांकडून तीनदा वदवून घेतलं.

परतीला टेम्पो केला नाही. मी चालवत होतो. पटणचेरू गेलं, संगारेड्डी गेलं. तीस किलोमीटर झाले तेव्हा अण्णांनी खिडकीची काच खाली घेऊन इंजिनाचा आवाज ऐकला. चाळीस झाले. जहिराबादच्या अलीकडे भावाचा फोन आला, "कुठे बंद पडली?"

अण्णांनी फोन घेतला. "चहाला थांबलोय. तपासणीची तारीख काय म्हणालास? आणि येताना दुकानातून एक ग्रीसगन घेऊन ये."