सोमवारची लूसी

न्यूयॉर्क शहरात अडुसष्टाव्या रस्त्यावर, पूर्वेच्या बाजूस, ६२३ क्रमांकाच्या इमारतीत रिकार्डो नावाचे एक जोडपे राहत असे. हा पत्ता घेऊन कोणी त्या घराचा शोध करू लागला, तर त्याची मोठीच फसगत व्हावयाची. कारण त्या रस्त्यावरील घरांचे क्रमांक सहाशेपर्यंत पोचण्यापूर्वीच ईस्ट नदी आडवी येते. ६२३ क्रमांकाचे घर असलेच, तर ते नदीच्या पात्रात असेल! तरीही या घराची बैठकीची खोली, तेथील पियानो आणि लहानसे स्वयंपाकघर कोट्यवधी अमेरिकन माणसांच्या डोळ्यांपुढे होते. दर सोमवारी रात्री नऊ वाजता ही माणसे दूरचित्रवाणीच्या साहाय्याने त्या घरात डोकावत आणि अर्धा तास पोट धरून हसत.

ही गोष्ट 'आय लव्ह लूसी' या कौटुंबिक विनोदी मालिकेची. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ती सुरू झाली आणि १९५७ च्या मे महिन्यात संपली. तिची एकंदर सहा पर्वे झाली. नाटकमंडळीचा जसा हंगाम असतो, तसेच हे पर्व. शरद ऋतूत त्याचा प्रारंभ होई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेवट. सहाही पर्वांत हशा काही कमी नाही. परंतु जाणत्या प्रेक्षकाला एकच पर्व पुन्हा पाहावयाचे असेल, तर त्याचा हात बहुधा दुसऱ्या पर्वाकडे, म्हणजे सप्टेंबर १९५२ ते जून १९५३ या काळातील भागांकडे वळतो. आणि तो वळावा, हेच योग्य आहे.

घरात माणसे दोनच. लूसी ही तांबड्या केसांची, मोठाल्या डोळ्यांची, अत्यंत उपद्व्यापी गृहिणी. रंगभूमीवर नाव मिळवावे, ही तिची एकमेव महत्त्वाकांक्षा. आणि गाता गळा तर तिला देवाने दिलेला नाही! तिचा पती रिकी हा क्यूबा बेटावरून आलेला वादक व गायक. ट्रॉपिकाना नावाच्या रात्रीच्या करमणूकगृहात त्याचा वाद्यवृंद असे. एरवी तो शांत. पण लूसीने नवा घोटाळा केला, की त्याचे इंग्रजी आटे आणि तो आपल्या मातृभाषेत, स्पॅनिशमध्ये, धडाधड बोलू लागे. घरमालक फ्रेड आणि त्याची पत्नी एथेल हे यांचे शेजारी. नवरा कवडीचुंबक, तर पत्नी लूसीच्या प्रत्येक कारस्थानातील भागीदार.

लूसिल बॉल आणि डेसी आर्नाझ ही लूसी व रिकीची कामे करणारी माणसे प्रत्यक्षातही पतिपत्नीच होती. डेसीचा जन्म १९१७ साली क्यूबातील सान्तियागो शहरी झाला. त्याचे वडील त्या शहराचे महापौर होते. १९३३ मधील राजकीय उलथापालथीत घरदार, मालमत्ता सर्व काही गेले आणि हा मुलगा अमेरिकेतील मायामी येथे येऊन पडला. पक्ष्यांचे पिंजरे साफ करण्याचे कामही त्याने पोटासाठी केले. पुढे तो नामांकित वादक झाला. तरीसुद्धा एका अमेरिकन स्त्रीचा पती म्हणून परदेशी उच्चारांचा हा मनुष्य लोकांना रुचेल काय, अशी शंका दूरचित्रवाणीच्या चालकांना आलीच. त्यावर त्या दोघांनी वाद घातला नाही. १९५० साली त्यांनी गावोगावी आपले खेळ केले. लोकांनी टाळ्या वाजवून उत्तर दिले.

दुसऱ्या पर्वाचा पहिलाच भाग मिठाईच्या कारखान्याचा. बँकेत पैसे नसताना लूसीने धनादेश लिहून दिला, म्हणून रिकी चिडला. मिळवणे कठीण की घर सांभाळणे कठीण, असा वाद पेटला आणि एका आठवड्यापुरती कामांची अदलाबदल करावी, असे ठरले. रिकी आणि फ्रेड चुलीपुढे उभे राहिले. शितावरून भाताची परीक्षा करावी, एवढेही ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी प्रत्येक माणसामागे एक पौंड, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो तांदूळ पातेल्यात ओतला! भात फुगला, उतू गेला, चुलीवरून ओघळून जमिनीवर पसरला. फ्रेडने सात थरांचा केक करावयास घेतला. तो फुगला नाही, धिरड्यासारखा चपटा झाला.

तिकडे लूसी आणि एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागल्या होत्या. एका सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटच्या वड्या येत. प्रत्येक वडी उचलून कागदात गुंडाळावयाची आणि पुन्हा पट्ट्यावर ठेवावयाची. एकही वडी उघडी पुढे गेली, तर कामावरून काढून टाकीन, अशी देखरेख करणाऱ्या बाईची ताकीद होती. प्रारंभी पट्टा संथ चालत होता. दोघी ऐटीत काम करीत होत्या. मग वड्या लवकर लवकर येऊ लागल्या. गुंडाळावयास वेळ पुरेना, तेव्हा त्यांनी काही वड्या तोंडात कोंबल्या, काही टोपीखाली दडवल्या, काही झग्याच्या गळ्यातून आत टाकल्या. बाई आली. पाहते तो पट्टा मोकळा, एकही वडी उघडी नाही! ती प्रसन्न झाली आणि पट्टा अधिक वेगाने चालू करावा, असा तिने हुकूम सोडला. गाल फुगलेल्या त्या दोघींच्या डोळ्यांत त्या वेळी जी भीती दिसते, तिचे वर्णन शब्दांनी करणे कठीण आहे. अखेरीस नवऱ्यांनी हार मानली आणि पत्नींना भेट आणली, तीही चॉकलेटचीच.

हा प्रसंग पाहताना वाटते, की हे सारे आयत्या वेळी सुचले असावे. तसे काही नव्हते. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल हे लेखक प्रत्येक हालचाल कागदावर लिहून काढीत. लूसिल ती पुन्हा पुन्हा घटवून घेई. या भागात तिच्या शेजारी बसून चॉकलेट घोळवणारी स्त्री नटी नव्हती, ती खरोखर तेच काम करणारी कारागीर होती. लूसिलने त्या कामाची लकब शिकून घेतली. एखादे काम ज्याला बिनचूक येते, त्यालाच ते बिघडवण्याचे नाटक नीट वठवता येते. विनोदी नटाचे काम हलके, असे समजणाऱ्यांनी हा भाग दोनदा पाहावा.

आता हे पर्व पुन्हा पाहता तरी कसे येते, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि क्षणात विरून जात. जतन करावयाचे म्हटले, तर संचाच्या काचेवर उमटलेले चित्रच कॅमेऱ्याने टिपून घ्यावे लागे. ते चित्र पुसट, धुकट येई. लूसिल आणि डेसी यांना कॅलिफोर्नियातील आपले घर सोडून न्यूयॉर्कला जावयाचे नव्हते. हॉलिवुडमध्येच राहून चित्रपटाच्या उत्तम फिल्मवर चित्रण करू, असे त्यांनी सुचवले. पण त्यास खर्च फार. तेव्हा आठवड्याला १००० डॉलर कमी वेतन घेण्यास दोघे कबूल झाले. मोबदल्यात त्या फिल्मची मालकी त्यांनी स्वतःकडे मागून घेतली. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाला पुढे काही मोल येईल, असे तेव्हा फार थोड्यांना वाटत होते. म्हणूनच ती मागणी सहज मान्य झाली असावी!

दुसरी अडचण प्रेक्षकांची. समोर हसणारी माणसे असली, की लूसिलचा अभिनय खुले. चित्रपटात मात्र एक कॅमेरा असतो, तो पुनःपुन्हा हलवावा लागतो, दिवे बदलावे लागतात आणि तेवढ्यात हसू मावळते. यांनी एकाच वेळी तीन कॅमेरे चालवले आणि प्रेक्षकांसाठी चित्रगृहातच आसनांच्या चढत्या रांगा मांडल्या. कार्ल फ्रॉइंड या वयोवृद्ध छायाचित्रकाराने दिवे वर टांगून असा सारखा प्रकाश पाडला, की कोणत्याही बाजूने चित्र स्वच्छ यावे. हा गृहस्थ साधा नव्हे. जर्मनीत १९२७ साली प्रदर्शित झालेल्या 'मेट्रोपोलिस' या विख्यात मूकपटाच्या छायाचित्रणात त्याचा हात होता. त्या भव्य चित्रपटानंतर या माणसाने एका लहानशा स्वयंपाकघरातील उतू जाणारा भात टिपला, आणि तोही तितक्याच निष्ठेने.

१९५२ साली लूसिल पुन्हा आई होणार, असे कळले. आता मालिका बंद ठेवावी लागणार काय? दूरचित्रवाणीवर असा विषय काढणेच त्या काळी शिष्टसंमत समजले जात नसे. तिला टेबलाखुर्चीमागे झाकावे, एकदोन भागांत विषय उरकावा, अशा सूचना आल्या. डेसी मात्र हटून बसला. घरात बाळ येणार, ही आनंदाची वार्ता. ती लपवावयाची कशासाठी? अखेर परवानगी मिळाली. पण प्रत्येक संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट धर्मगुरू आणि एक यहुदी धर्मगुरू असे तिघे वाचून पाहत, आणि 'गरोदर' या अर्थाचा रूढ इंग्रजी शब्द उच्चारण्यास बंदी होती. धर्मगुरूंना कोठेही वावगे आढळले नाही. आढळावे असे काही नव्हतेच.

पुढे १९ जानेवारी १९५३ चा सोमवार उजाडला. लूसी रुग्णालयात जाते, तो भाग त्या रात्री दाखवावयाचा होता. जाण्याची वेळ आली म्हणजे कोणी काय करावयाचे, याची रिकी, फ्रेड आणि एथेल यांनी काटेकोर तालीम केलेली असते. एकाने पेटी घ्यावयाची, एकाने टेलिफोन करावयाचा, एकाने कोट आणावयाचा. प्रत्यक्षात वेळ येते, तेव्हा तिघांचीही तारांबळ उडते. पेटी सांडते, माणसे एकमेकांवर आदळतात आणि तिघे धावत दाराबाहेर पडतात. मागे उरते लूसी! रुग्णालयात पोचतात, तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसलेला असतो रिकी आणि ती ढकलत आणते लूसी. या भागाचे चित्रण आधीच झालेले होते आणि लेखकांनी कथेत मुलगा होतो, असे ठरवून टाकले होते. आता योगायोग असा, की त्याच दिवशी सकाळी लूसिलला लॉस एंजेलिसमध्ये खरोखरच मुलगा झाला. रात्री सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पडद्यावरील बाळाचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तो सोहळा पाहणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी ९० लाख होती.

आज हे पर्व पुन्हा पाहणाऱ्याला त्यातील सारेच रुचेल, असे नाही. लूसीने नोकरी करू नये, रंगमंचावर जाऊ नये, हे रिकीने ठरवावे आणि खर्चाच्या पै न् पैचा हिशेब तिने द्यावा, ही रीत आता जुनी झाली. ती जावयाचीच होती. गंमत अशी, की तिला घरात बसवणाऱ्या त्या कथेने लूसिलला मात्र एका मोठ्या चित्रसंस्थेच्या मालकीपर्यंत नेले. आणखीही एक गोष्ट पाहणाऱ्याच्या मनात राहते. १९६० साली या पतिपत्नींचा घटस्फोट झाला. १९८६ मध्ये डेसी गेला, १९८९ मध्ये लूसिल गेली. हे ठाऊक असलेल्या माणसाला डिसेंबर १९५२ मधला एक भाग पाहताना हसता हसता थांबावे लागते.

त्या भागात, बाळ येणार असल्याची वार्ता लूसीला रिकीच्या कानी घालावयाची असते. मनात तिने किती सुंदर प्रसंग योजलेला असतो! पण दिवसभर ती संधीच येत नाही. कधी टेलिफोन वाजतो, कधी शेजारी टपकतात. शेवटी रात्री ती ट्रॉपिकानात जाऊन बसते आणि निनावी चिठ्ठी पाठवते. चिठ्ठीत विनंती असते, की येथे एका स्त्रीला आपल्या पतीस गोड बातमी द्यावयाची आहे, तरी त्या दोघांसाठी गाणे म्हणावे. रिकीला ही कल्पना आवडते. ते जोडपे कोणते, हे शोधीत, अंगाईगीत गुणगुणत तो टेबलामागून टेबले हिंडू लागतो. येथे विचारतो, तेथे विचारतो. माना नकारार्थी हलतात. फिरत फिरत तो लूसीपुढे येतो. ती काही बोलत नाही. नुसती होकारार्थी मान हलवते. क्षणभर त्याला उमगतच नाही. मग उमगते, आणि त्याच्या चेहऱ्यावरील हसू जागच्या जागी थबकते. संहितेत येथे आनंदाने गाणे म्हणावयाचे होते. दोघांनी ते म्हटलेही. पण डेसीचा कंठ दाटून आला, शब्द चुकू लागले आणि लूसिलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. लिहिल्याप्रमाणे ते झाले नव्हते. तरीही मालिकेत हेच, पहिल्या वेळचे चित्रण ठेवले गेले. आजही तेच पाहावयास मिळते.