सिंहगड एक्सप्रेसनं कोंढाण्याला

"काकू, इथे लेणी नाही. इथे सगळे भजी खातात."

रविवारी अकराच्या सुमारास आलेला हा फोन सिंहगडावरून होता. आमच्या वरच्या खोलीत राहणारी ब्रह्मदेशाची पोरगी विद्यापीठात पाली शिकते. वर्गात फळ्यावर ब्राह्मीतली एक ओळ लिहून दिली होती, कोंढाणे इथली. हिनं आपल्या पुणेकर मैत्रिणींना विचारलं, कोंढाणे कुठे? पुण्याच्या पोरींना कोंढाणा म्हटलं की एकच ठाऊक. त्यांनी तिला स्वारगेटला बसमध्ये बसवून दिलं. बिचारी गड चढली, तानाजीच्या समाधीला हात जोडले, मडक्यातलं दही खाल्लं आणि दोन तास लेणं शोधत फिरली.

हसू आवरल्यावर मी म्हणाले, "अगं, तुझं कोंढाणे घाटाखाली, कर्जतला. मी नेईन तुला."

म्हणाले खरी, पण मी तरी कुठे पाहिलं होतं? माहेर पेणचं, नोकरी पुण्याला बँकेत. चौतीस वर्षं त्या वाटेनं जा-ये केली, पण कर्जत म्हणजे माझ्या लेखी दिवाडकरांचा वडा आणि गाडीला मागून लागणारी इंजिनं. खालापूर तालुक्यात मात्र माझी एक जुनी हौस अडकली होती, उंबरखिंड. शाळेतल्या बाईंनी ती लढाई अशी काही रंगवून सांगितली होती की खिंड पाहिल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. तेव्हा शनिवार तिच्या लेण्याचा आणि रविवार माझ्या खिंडीचा, असा करार झाला.

पोरगी आमच्याकडे आली तेव्हा पहिली अडचण आडनावाची. बर्मी माणसाला आडनाव नसतं. हिचं नाव चार शब्दांचं आणि चारही तिचे स्वतःचे. त्यात बाप नाही, घराणं नाही, गाव नाही. आपल्याकडचा प्रत्येक अर्ज मात्र आडनावापासून सुरू होतो. नोंदणीच्या कागदावर एक, पासबुकावर दुसरं आणि मोबाइलच्या सिमवर तिसरंच आडनाव तिला चिकटलं. जन्मभर खात्यांचे अर्ज तपासलेली मी, मलाही त्या रकान्यात काय लिहावं सुचेना.

दुसरी अडचण वासाची. ती ङपी नावाचा एक पदार्थ आणते, मासळी खारवून, आंबवून, कुटून केलेला. 'ङ'नं सुरू होणारा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आपल्या बाराखडीत ते अक्षर नुसतं जागा अडवून बसलेलं. पहिल्या दिवशी तिनं डबा उघडला आणि खालच्या मजल्यावरून माणूस विचारायला आलं, काही मेलंय का. मी सांगितलं, माझा जवळा आहे, माहेरचा. खोटं बोलले, पण फार नाही. पेणच्या बाईला तो वास परका नव्हताच. सकाळी पोरगी सहाणेवर एका झाडाची साल उगाळते आणि पिवळट लेप गालांना लावून विद्यापीठात जाते. त्याचं नाव थनाका. सोसायटीतल्या एकीनं मला बाजूला घेऊन, तिला कावीळ आहे का, असं विचारलं होतं.

बाकी दिवस कुणाही विद्यार्थिनीसारखा. वर्ग, ग्रंथालय, रात्री कुकरमधला भात आणि घरी फोन. फोन लागला तर आवाज हसरा, नाही लागला तर जिन्यात बसून राहते. गाव सागाईंगचं. २०२१ साली तिकडे लष्करानं सत्ता घेतली आणि २०२५च्या मार्चमध्ये त्याच भागात मोठा भूकंप झाला. सुट्टीत बाकीची मुलं घरी जातात, ही कुठेतरी फिरायला जाते. आधी रत्नागिरीला जाऊन आली. त्यांचा शेवटचा राजा थिबा १८८६ साली तिथे आणून ठेवला होता. तीस वर्षांनी, १९१६ साली, तिथेच वारला. "आमचा राजा पण परत नाही गेला," एवढंच ती आल्यावर म्हणाली. मी चहा टाकला.

पुण्यात पाली शिकायला परदेशातून मुलं येतात याचं लोकांना नवल वाटतं. मला त्यात एक फिरलेला पाट दिसतो. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. पाली शिकवणारं इथे कुणी सापडेना म्हणून ते घरदार सोडून निघाले आणि नेपाळ, गया करत १९०२ साली सिंहलद्वीपात पोचले, पुढे ब्रह्मदेशात गेले. तिकडून शिकून आलेला हा माणूस १९१२पासून सहा वर्षं फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होता. ब्रह्मदेशात शिकून पुण्यात शिकवणारा मास्तर तेव्हा होता, आता ब्रह्मदेशातून पुण्यात शिकायला आलेली पोरगी आहे. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबीही परदेशातच शिकले, हार्वर्डला. त्यांच्याशी माझं भांडण पुढे येणार आहे.

सिंहगडावर जाऊन फसलेल्या पोरीला कोंढाण्याला न्यायला मी मुद्दाम सिंहगड एक्सप्रेस काढली. शिवाजीनगरला अंधारातच चढलो. लोणावळा गेलं, मंकी हिल आलं, मग ठाकूरवाडी, जांबरुंग, पळसदरी. बोगद्यात गाडी शिरली की ती ओठ हलवत काहीतरी मोजायची. मी तिला सांगितलं, १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटापाशी थांबली. तिथून माणसं पालखीत किंवा पायी खंडाळ्याला चढत. घाटाचं काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात उतरून थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, ते कंत्राट पुरं केलं. १८६३ला घाट सुरू झाला. ती म्हणाली, "अॅलिसबाई घरी परत गेली?" या पोरीला प्रत्येक गोष्टीत तेवढंच विचारायचं असतं.

कर्जतला वडा खाऊन कोंदिवड्याची रिक्षा केली. तिथून पुढे पायवाट. उल्हास नदीचं खोरं, समोर राजमाची, डिसेंबरातलं पिवळं गवत. पावसाळ्यात या लेण्यावरून धबधबा कोसळतो म्हणून तरुण मंडळी इथे तुडुंब गर्दी करतात. आम्हाला मात्र दोन म्हशी आणि एक वाटाड्या मुलगा एवढीच सोबत. मुलानं पाण्याची बाटली धरायच्या बोलीवर शंभर रुपये घेतले आणि बाटली माझ्याकडेच ठेवली. लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिलं, हा त्याचा इतिहास. पोरीनं तो वहीत लिहून घेतला. मी काही बोलले नाही. माझ्या आजीनंही मला हेच सांगितलं होतं.

वळण संपतं आणि एकदम ती कमान दिसते. घोड्याच्या नालेसारखी, डोंगराच्या पोटात वर उचललेली. आत चैत्यगृह, साधारण ६६ फूट खोल, टोकाला स्तूप. खांबांचे खालचे भाग झिजून गेलेत, काही तर छताला लोंबकळल्यासारखे. खोदणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी घरं असणार. दगडात त्यांनी वासे, कड्या, जाळीची गवाक्षं असं सगळं सुतारकाम करून ठेवलंय. शेजारचा विहार मोठा आहे, पण तो आम्ही नीट पाहिलाच नाही. कारण पोरगी दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली ती हलेना.

तिथे एक मोठं डोकं कोरलेलं आहे. चेहरा गेलाय, फेट्यासारखी केशभूषा उरलीय. खांद्याच्या वर एकच ओळ. मला तिथे दगडाच्या ओरखड्यांपलीकडे काही दिसलं नाही. तिनं बोट न लावता, हवेतच अक्षरं गिरवत वाचली: कण्हस अंतेवासिन बलकेन कतं. कण्हाचा अंतेवासी बलक, त्यानं हे केलं.

तिच्या तोंडी 'अंतेवासिन'मधला 'स' जरासा 'थ'सारखा येतो. बर्मी माणसं पाली तशीच उच्चारतात. 'साधु साधु' म्हणायचं तर 'थाडु थाडु' म्हणतात. "काकू, माझ्या वाचनात चूक नाही, फक्त तोंड बर्मी," ती म्हणाली.

अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा, शिकाऊ. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची दिनचर्याच दिलेली आहे, ती तिला पाठ होती. पायरीवर बसून तिनं सांगायला सुरुवात केली. शिष्यानं पहाटे उठायचं, पायताण काढून गुरूला दातवण द्यायचं, तोंड धुवायला पाणी द्यायचं, आसन मांडायचं. पेज असेल तर भांडं धुऊन पेज द्यायची. खोली झाडायची, आणि जळमटं दिसली तर ती आधी काढायची. हुशार असेल त्यानं निदान पाच वर्षं असं राहायचं. शिष्य आजारी पडला तर मात्र हीच सगळी कामं गुरूनं त्याच्यासाठी करायची.

"दातवणसुद्धा?"

"दातवणसुद्धा."

गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला होता तेव्हा तिची पेज मीच करत होते. ते तिच्या मनात आलं की नाही कोण जाणे. मी वर जळमटं आहेत का ते पाहत बसले.

मग आमचं भांडण लागलं. ती म्हणे बलक भिक्खू होता. मी म्हणे तो पाथरवटाच्या हाताखालचा पोरगा. माझ्या बाजूनं पुरावा आहे. मथुरेजवळच्या पारखमच्या यक्षमूर्तीवर असाच लेख आहे, कुणिकाचा अंतेवासी गोमितक यानं केली म्हणून. तिथे तर शिल्पकाराचाच शागीर्द आहे. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या तळहातावर कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. काही अभ्यासकांनी तोच हा कोंढाण्याचा कण्ह, असं जुळवून पाहिलंय. सोनार दगडाकडे वळला आणि त्याचा चेला इथे काम करून गेला, असं चित्र मला फार आवडतं. तेवढ्यावरून ते खरं ठरत नाही, हे पोरीनं मला स्वच्छ सांगितलं. कण्ह म्हणजे नुसतं कृष्ण. दर गावात दहा असतील.

दामोदर कोसंबींवर माझा राग इथेच आहे. लेणी व्यापारी वाटांवर आहेत, विहार म्हणजे घाट चढणाऱ्या तांड्यांचे मुक्काम आणि पैशाअडक्याची ठिकाणं, हे त्यांनी पायी हिंडून दाखवलं. बरोबरच आहे. खाली कल्याण आणि सोपाऱ्याची बंदरं, वर कार्ले. कार्ल्याच्या खांबांवर तर धेनुकाकटच्या यवनांचीही नावं आहेत, देणगीदार म्हणून. कोसंबी नोकरीसाठी डेक्कन क्वीननं पुणे-मुंबई करायचे, म्हणजे याच घाटातून किती वेळा गेले असतील. पण तांडा, माल, दान हे सगळं मांडून झाल्यावरही या ओळीचं काय करायचं? बलकानं काही दान दिलेलं नाही. त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतंच. त्यानं काम केलं आणि नाव घातलं, त्यातही आधी गुरूचं. व्यापाराच्या नकाशात हा पोरगा कुठे बसवायचा, असं मी पोरीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, कोसंबी इथे नाहीत. माझ्यावर का ओरडता?"

रात्रीच्या मुक्कामाबद्दल न बोललेलं बरं. 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून फोनवर सांगितलेल्या फार्महाउसच्या कुशीत एक निळा तलाव आणि चार भोंगे होते. मुंबईहून आलेली मंडळी रात्री दोनपर्यंत पाण्यात नाचत होती. उशीला क्लोरीनचा वास. सकाळी चहा मागितला तर पॅकेजमध्ये नाही म्हणाले. पोरगी मात्र शांत झोपली होती.

रविवारी खिंडीसाठी रिक्षा ठरवली. चौक, खालापूर, महडच्या वरदविनायकाला गाडीतूनच नमस्कार आणि पुढे उंबरखिंड. वाटेत मी गोष्ट लावली. २ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानानं पाठवलेला कारतलबखान उझबेग कुरवंड्याच्या घाटानं खाली उतरला आणि दाट रानातल्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांनी त्याला दोन्ही तोंडांनी कोंडलं. फौजेबरोबर माहूरच्या सावित्रीबाई देशमुख होत्या, रायबागन. शरण जा, असं तिनंच खानाला सुनावलं. 'शिवभारता'त हा प्रसंग कवींद्र परमानंदानं खुलवून लिहिलाय. सामानसुमान, खजिना सगळं ठेवून खान जीव घेऊन गेला. "घरी परत गेला?" पोरीनं विचारलं. या खेपेला मला उत्तर देता आलं, "पुण्याला परत गेला."

चौकला रिक्षावाले भाऊ चहाला थांबले. बाजार भरला होता, तिथे मी पावशेर जवळा घेतला. भाऊंनी सहज हात करून डोंगर दाखवला. "तो इर्शाळगड. त्याच्या कडेला इर्शाळवाडी होती." १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली आणि ठाकरांच्या वाडीतली बरीच घरं झोपेत गाडली गेली. वाट पायीच, म्हणून यंत्रं वर जाईनात. हातांनी चिखल उपसला. बरीच माणसं सापडलीच नाहीत. उरलेल्यांना चौकजवळ नवी घरं मिळाली.

पोरीनं विचारलं, "जे सापडले नाहीत, ते अजून तिथेच?"

"तिथेच," भाऊ म्हणाले.

सागाईंगला तिच्या मामाचं घर पडलं होतं. त्याच्याबद्दल ती कधी बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. रस्त्याच्या कडेला गेली, डोंगराकडे तोंड करून उकिडवी बसली, बाटलीचं झाकण काढलं आणि थेंब थेंब पाणी मातीत सोडू लागली, तोंडानं काहीतरी पुटपुटत. बाटली लिटरभराची होती. वेळ लागला.

"काय करतेय ताई?" भाऊंनी हळूच विचारलं.

"उदक सोडतेय."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि टोपी काढली.

उंबरखिंड राहिली. मी म्हटलं नाही, तिनंही विचारलं नाही. रिक्षा कधी कर्जतकडे वळली ते आम्हा तिघांनाही नेमकं सांगता येणार नाही. संध्याकाळी परतीची सिंहगड मिळाली. कर्जतला मागून इंजिनं लागेपर्यंत वड्याची दुसरी फेरी झाली. घाट लागला, गाडीत गर्दी, खिडक्या बंद. पळसदरीच्या सुमारास समोरच्या बाईंनी इकडेतिकडे पाहत नाकाला पदर लावला आणि त्यांची नजर पोरीवर, तिच्या गालांवरच्या पिवळ्या लेपावर येऊन थांबली.

पोरीनं माझ्या पायाशी असलेल्या पिशवीकडे बोट केलं. "काकूंचा जवळा," ती म्हणाली. "माहेरचा."