आजी, तुमचं वय काय?

वार्धक्याच्या संशोधनात सर्वांत अवघड प्रश्न वयाचाच असतो. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या ग्रामीण पिढीत अनेकांकडे जन्मदाखला नाही. आधार कार्डावर १ जानेवारी असते आणि तोंडी उत्तर साठ, पासष्ट, सत्तर असे ठोकळ येते. मग घटनांचा आधार घ्यावा लागतो. कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचात, तेव्हा कडेवर कोण होतं? अशा चौकशीत आजींचे वय चार-पाच वर्षांनी सहज सरकते, आणि त्याबरोबर वयोगटानुसार मांडलेले पुढचे सगळे गणित.

तब्येतीच्या प्रश्नाला उत्तर मिळते, "वय झालं, दुखायचंच." दुखणे वयाच्या खात्यात गेले की आजार म्हणून त्याची नोंदच होत नाही. केरळमधले लोक दीर्घायुषी, तरी आजारांची तक्रार बिहारपेक्षा जास्त करतात, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले होते. म्हणून नुसते विचारून भागत नाही. रक्तदाब घ्यावा लागतो, चार मीटर चालायला लावून वेळ नोंदवावी लागते, हातात यंत्र देऊन "आजी, जोरात दाबा" म्हणावे लागते. पकड ढिली असेल तर पुढच्या काही वर्षांतला मृत्यूचा धोका वाढलेला असतो.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या 'लासी' या वार्धक्याविषयीच्या पाहणीच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण होते. अमेरिकेत अशी पाहणी १९९२ पासून चालू आहे. अशा पाहण्यांचे मर्म त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्यात आहे. गरिबीमुळे प्रकृती ढासळली की आजारपणामुळे घर कर्जात गेले, हे एका फेरीत कळणे कठीण. मधल्या काळात काही जण वारतात, काही मुलाकडे पुण्या-मुंबईला जातात, आणि दाराला कुलूप दिसते. पहिल्या फेरीची प्रश्नावली आखणारा तरुण प्राध्यापक काही फेऱ्यांनंतर स्वतःच त्या वयोगटात बसू लागतो!

एवढा धीर विद्यापीठांच्या हिशेबात बसत नाही. तिथे एकाच फेरीच्या आकड्यांवर लिहिलेले झटपट शोधनिबंध बढतीला पुरतात. निवड समित्यांनी निबंध मोजताना निदान एवढे विचारावे: दुसऱ्या फेरीत पहिल्यातली किती माणसे पुन्हा भेटली?