एका चिमट्याची निवड

गिटारच्या दांडीला लावावयाचा एक चिमटा निवडण्यास आम्हांला पाऊण वर्ष लागले असे सांगितले, तर वाचक हसतील. हसावे. त्या चिमट्याला कॅपो म्हणतात, हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हीही हसलो होतो.

पुसदची आमची कॅथलिक मंडळी संख्येने थोडी. अमरावती धर्मप्रांताच्या या टोकाला गायकवृंद म्हणजे चार मुली, दोन मुलगे आणि पेटीवर आम्ही. पुढच्या बाकांवर बसणाऱ्या वयस्क स्त्रिया हा खरा गायकवृंद होता, पण हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. त्यांतल्या एक मावशी गाणे उचलीत आणि आम्ही पेटीवर त्यांचा सूर शोधीत असू. बहुधा तो काळी एकवर सापडे. आमच्या भागातील तांड्यांवर होळीला लेंगी गातात, तेव्हाही असेच घडते. डफ ताल देतो. सूर मात्र जो गाणे उचलील त्याचा.

पुढे आमचा एक तरुण नागपूरला शिकून परतला तो गिटार घेऊनच. मंडळींना कौतुक वाटले, आणि दोन ज्येष्ठांना नाराजीही वाटली. परकीय वाद्य देवघरात कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना सांगितले की ज्या पेटीला आपण आपली समजतो तिचा पूर्वज पॅरिसमध्ये जन्मला. दबें नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जे संविधान प्रसिद्ध केले, त्यात पाईप ऑर्गनचा मान राखूनही इतर योग्य वाद्यांना अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी ठेवली आहे. ज्येष्ठ गप्प झाले. त्याच संविधानात भाविकांच्या पूर्ण आणि सक्रिय सहभागाचा आग्रह याहून कितीतरी अधिक आहे, हे मात्र त्या दिवशी आम्हांला आठवले नाही.

अडचण आली ती उपवासकाळात. त्या दिवसांतील आमची बरीच गीते कोमल गंधाराच्या चालीची. गिटारवर कॉर्ड धरताना मोकळ्या तारांचा आधार मिळतो तोवर बोटे सुखात असतात. ए मायनर आणि ई मायनर ही नवशिक्याची माहेरघरे. काळी एकवरून तीच चाल वाजवायची म्हटले की पहिले बोट सहाही तारांवर आडवे दाबून धरावे लागते, आणि दोन कडव्यांत मनगट भरून येते. तरुण म्हणाला, "काका, आपण पांढरी तीनवरून घेऊ या ना." आम्ही घेतले. पेटीवाल्याला त्यात कसले कष्ट! सूर तीन पायऱ्या वर चढला. मुलींचे आवाज खुलले. प्रार्थनामंदिर कसे भरल्यासारखे वाटू लागले. गुड फ्रायडेला तर पाहुण्या फादरांनी गायनाची वाखाणणी केली.

मे महिन्यात मावशी आजारी असल्याचे कळले म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओसरीत शिरण्याआधीच आतून गाणे ऐकू आले. तेच उपवासकाळातले गीत, सुपात गहू पाखडता पाखडता चाललेले, स्वर मंद पण अगदी बिनचूक, आणि आपल्या जुन्या जागी. आम्ही म्हटले, "मावशी, हे चर्चमध्ये का नाही म्हणत अलीकडे?" त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मास्तर, आता तुमी म्हणता, आमी आयकतो." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. अंतऱ्यात आवाज पोचत नाही, मग मध्येच तुटण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, एवढेच त्यांनी पुढे सांगितले. पुढच्या रविवारी पेटी वाजवीत असताना आम्ही प्रथमच पुढच्या बाकांकडे नीट पाहिले. एकीचेही ओठ हलत नव्हते.

आम्ही तरुणाला हे सांगितले. तो खजील झाला. वास्तविक खजील आम्ही व्हावयास हवे होते. मग त्यानेच कॅपोची गोष्ट काढली.

कॅपो म्हणजे दांडीवर आडवा बसणारा दांडा. तो सहाही तारा एकदम दाबतो, म्हणजे वादकाचे आडवे बोट त्याच्याऐवजी हाच होतो. नाव इटालियन, 'कापोतास्तो' हा शब्द दोनी या संगीतशास्त्रज्ञाने १६४० साली लिहून ठेवला आहे. गिटारच्या दांडीवर जे धातूचे पडदे असतात, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्यांतील प्रत्येकाबरोबर सूर पेटीच्या एका पट्टीने वर सरकतो, काळी-पांढरी दोन्ही धरून. त्यामुळे बोटे ए मायनरचीच ठेवून कॅपो चौथ्या फ्रेटवर बसविला, की गाणे काळी एकवरून निघते. बोटांचे माहेरही राहते आणि मावशींचा अंतराही. पेटीवाल्यांनी हसू नये. सरकत्या पट्ट्यांची जी स्केल चेंजर पेटी मिळते, ती दुसरे काय करते?

पहिला कॅपो आणला तो इलॅस्टिकचा, स्वस्त म्हणून. सुरुवातीस बरा होता. परंतु विदर्भाच्या उन्हाळ्यात इलॅस्टिकचे जे होते तेच त्याचेही झाले. पोळ्यापर्यंत तो सैल पडला आणि जाड तारा खुळखुळू लागल्या. दुसरा स्प्रिंगचा, कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याचा थोरला भाऊ. हा एका हाताने क्षणात बसतो. प्रवेशगीत संपून स्तोत्र सुरू होईपर्यंत त्याची जागा बदलता येते. मिस्सेत हा गुण मोठा. पण त्याची पकड त्याच्या मर्जीची, आपल्या नव्हे. तार गरजेपेक्षा जास्त दाबली गेली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. पहिल्या फ्रेटवर हे आमच्या कानांना जाणवले नव्हते. चौथ्यावर, नाताळच्या मध्यरात्री, भर अर्पणगीतात जाणवले. पेटी एकीकडे, गिटार दुसरीकडे, आणि मध्ये मुली गोंधळून आमच्याकडे पाहत आहेत. त्या रात्री थंडी असूनही आम्हांला घाम फुटला.

तिसऱ्याची निवड आम्ही घाईने केली नाही. नागपूरला दुकानात गिटार बरोबर नेली. ही गोष्ट ज्यांना कॅपो घ्यावयाचा आहे त्यांनी अवश्य करावी. कारण गिटारची दांडी सर्वांची सारखी नसते. नायलॉनच्या तारांच्या गिटारची रुंद आणि बहुधा सपाट, पोलादी तारांच्या गिटारची अरुंद आणि बहुधा किंचित बाकदार. सपाट दांडीचा कॅपो बाकदार दांडीवर बसविला, तर एखादी तार अर्धवट दबून बोथट वाजते. दुकानदाराने पुढे केलेले दोन आम्ही याच कारणाने परत दिले. तिसरा स्क्रूचा होता. तो बसवायला दोन हात आणि थोडा धीर लागतो, पण दाब आपल्या हाती राहतो. तरुणाने तो चौथ्या फ्रेटच्या अगदी मागे लागून, फ्रेटला समांतर बसविला. एकेक तार स्वतंत्र छेडली. जिथे खुळखुळ होती तिथे स्क्रू पाव फेरा आवळला, खुळखुळ थांबताच हात आवरला. मोबाइलवर सूर मोजून पाहिला. मग कॅपो काढून पुन्हा बसविला आणि सगळे पुन्हा केले. दुकानदार कंटाळला असावा. किंमत स्प्रिंगवाल्याच्या दुपटीहून थोडी अधिक होती. ती आम्ही घासाघीस न करता दिली, हे घरी सांगितले नाही.

राखेच्या बुधवारी आम्ही काळी एकवर परतलो. पहिले कडवे मुलींनीच म्हटले. दुसऱ्याच्या मध्यावर पुढच्या बाकावरून एक आवाज अर्धी मात्रा मागे राहून आला, मग आणखी दोन. मुलींना खालचा सूर जरा जड गेला, त्यांनी पुढे तसे सांगितलेही. म्हणून आता सणाची गीते वर आणि उपवासकाळातली खाली, अशी तडजोड आहे. ती सर्वांच्या मनाजोगती आहे असे नाही.

आता तरुणाने एक नवीनच पद्धत सुरू केली आहे. मिस्सेपूर्वी तो गिटार घेऊन मावशींच्या बाकापाशी जातो. त्यांना फ्रेट कळत नाही, कळण्याचे कारणही नाही. त्या पहिली ओळ गुणगुणतात आणि तो कॅपो मागेपुढे करून त्यांच्या सुराशी आणून लावतो. मागील रविवारी कॅपो तिसऱ्या फ्रेटवर येऊन थांबला. त्याने आमच्याकडे पाहून तीन बोटे दाखविली. मावशींचे वय होत चालले आहे. आम्ही पेटीवर पांढरी एक धरली.