चिखल वाळेपर्यंत

परतीचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे शेतातली जळालेली मोटार आणि दुसरी म्हणजे चिखलानं भरलेली रिमोटची गाडी. मोटार घेऊन बाप येतो, गाडी घेऊन पोरगं येतं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर काळजी सारखीच असते.

"काका, गाडी चालंना गेलीय."

"कुठं चालवली होती?"

"सोयाबीन काढलेल्या रानात."

"मग काय केलंस?"

"नळाखाली धरून मस्त धुतली."

इथं माझं निदान बहुतेक वेळा पूर्ण होतं. मी किल्लारीत मोटार वाइंडिंगचं काम करतो. लातूर-उमरगा रस्त्यावरचं, औसा तालुक्यातलं हे गाव. सबमर्सिबल मोटारी, स्टार्टर, मिक्सर, पंखे हे माझं रोजचं काम. रिमोटच्या गाड्या मागाहून आल्या आणि आता तर त्यांची वेगळी फळीच करावी लागली आहे. इतक्या गाड्या उघडून पाहिल्यावर एक गोष्ट मी खात्रीनं सांगतो. चिखलानं बिघडलेली गाडी दुरुस्त होते. घाईनं मारलेल्या पाण्यानं बिघडलेली गाडी बहुतेकदा होत नाही.

याचं कारण आमच्या मातीत आहे. मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्याचा हा खडक. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. म्हणून तर चैत्र-वैशाखात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगात त्याच भेगा मिटतात. ओल्या काळीतून चालून पाहा, चपलेला शेर-शेर माती लागते. वाळली की तीच माती चपलेपासून आपोआप सुटून खपलीसारखी पडते.

गाडीच्या बाबतीत नेमकं हेच लक्षात ठेवायचं. वाळताना ही माती आकसते आणि प्लॅस्टिकची पकड स्वतःच सोडते. तिच्यावर पाणी मारलं तर ती पातळ होते, आणि जिथं चिखल पोचला नव्हता तिथं, म्हणजे बेअरिंगमध्ये, गिअरच्या डबीत, मोटारीच्या भोकांतून आत, गढूळ पाणी पोचतं. वरून गाडी लख्ख दिसते. आत मात्र पाणी वाळून मातीचा बारीक लेप तयार होतो. हा लेप तेलात मिसळला की घासकागदाचं काम करतो.

म्हणून गाडी चिखलातून आली की पहिलं काम बॅटरी काढायचं. त्यातही क्रम आहे. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटं केलं तर गाडीला हुकूम देणारं कोणी उरत नाही आणि साध्या गाड्या अशा वेळी मनानं पळू शकतात. बॅटरी काढल्यावर ती कोरड्या फडक्यानं पुसा. ती फुगलेली दिसली तर टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जिंगलाही लावू नका. लिथियमची बॅटरी फुटली तर पेट घेते.

दुसरं काम म्हणजे गाडी सावलीत, वारा लागेल अशा जागी, एक रात्र ठेवून देणं. पोरांना हेच सगळ्यात अवघड जातं. त्यांना वाटतं काका काम टाळतोय. पण काम तर सुरू झालेलं असतं, ते वारा करत असतो.

सकाळी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून बसा. रंगाचा एक इंची ब्रश, जुना टूथब्रश, दात कोरायच्या काड्या आणि स्क्रू ठेवायला ताटली, एवढ्या सामानात निम्मं काम होतं. ब्रश वरून खाली चालवायचा, म्हणजे झाडलेली माती पुन्हा साफ जागेवर पडत नाही. मोठे पोपडे बोटानं निघतात. सांध्यातली माती काडीनं उकरायची. काडीच्या जागी टोकदार लोखंड घेतलं तर प्लॅस्टिकवर ओरखडा उठतो आणि पुढच्या वेळी चिखल तिथंच धरतो. वरची बॉडी काढून वेगळी ठेवा. ती ओल्या फडक्यानं, साबणाच्या दोन थेंबांत पुसली तरी चालते, कारण तिच्यात वायर नाही. स्क्रू ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं ताटलीत मांडा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की आतलं प्लॅस्टिक फुटतं.

आता चाकांकडे या. चाक काढून आस हातानं फिरवा. इथं मी पोरांना नेहमी डोळा जवळ न्यायला सांगतो. आसावर, चाकाच्या अगदी मुळाशी, एक करडी दोरी गुंडाळलेली दिसते. ती दोरी नसते. सोयाबीनच्या वाळक्या काडाचे तंतू, घरातले लांब केस आणि शिवणकामाचा दोरा, यांचा पीळ असतो. चाक फिरतं तसा तो घट्ट आवळत जातो, आस तापतो आणि शेवटी बुशचं प्लॅस्टिक वितळतं. तो पीळ ओढून काढायचा नाही. ब्लेडनं आसाला समांतर एक काप द्यायचा, मग तो कांद्याच्या सालीसारखा उलगडतो. स्वस्त गाड्यांत आसाला साधा बुश असतो, चांगल्या गाड्यांत छऱ्याचं बेअरिंग. बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी न्या. कुरकुर आली तर आत कण आहे. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. दुसरा थेंब धूळ धरायलाच उपयोगी पडतो.

गिअर कोरड्या टूथब्रशनं दातादातांतून साफ करायचा. मोटारीवरचा छोटा गिअर आणि त्याला लागलेला मोठा गिअर परत बसवताना एक जुनी युक्ती वापरा. वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मधे घालून फिरवा. कागद न फाटता नागमोडी सुरकुत्या घेऊन बाहेर आला, तर अंतर बरोबर आहे. फाटला तर गिअर फार आवळले आहेत, सुरकुती उमटलीच नाही तर सैल आहेत.

आता माझ्या धंद्याची, मोटारीची गोष्ट. साध्या गाडीची मोटार म्हणजे घरातल्या मिक्सरच्या मोटारीची धाकटी बहीण. दोन कार्बन, मधे तांब्याचं कम्युटेटर. फरक इतकाच की मिक्सरमध्ये चुंबकाचं कामही तारेची गुंडाळी करते आणि या मोटारीच्या डबीत खरं चुंबक बसवलेलं असतं. आमच्या भागात ही मोटार उघडली की चुंबकाला काळी मखमल चिकटलेली दिसते. पोरं म्हणतात मोटार झिजली. झिजलेली नसते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, खडक झिजला की त्याचे काळे कण माती-वाळूत उतरतात. तेरणेच्या कोरड्या पात्रात दोऱ्याला बांधलेलं चुंबक ओढून पाहा, मिशा फुटल्यासारखे कण उभे राहतील. तेच कण गाडी रानात पळताना मोटारीच्या भोकांतून आत ओढले जातात. फुंकून ते जात नाहीत, पाण्यानंही जात नाहीत. चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून चुंबकावर टेकवायची आणि उचलायची. सात-आठ वेळा केलं की चुंबक उघडं पडतं. कम्युटेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसायचं. तेल फक्त दोन टोकांच्या बुशला द्यायचं. कम्युटेटरवर तेल गेलं की कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते आणि ठिणग्या वाढतात.

रिसीव्हरची पाटी आणि वळवणारा सर्वो यांना पाणी दाखवू नका. मऊ ब्रश आणि तेच अल्कोहोल पुरे. रिमोटमधले अल्कलाइन सेल गळून पत्तीवर पांढरी बुरशी आली असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाच्या काडीनं लावा. अशा सेलमधली गळती क्षारधर्मी असते, आम्लानं ती मोडते. मग अल्कोहोलनं पुसून कोरडं करा.

काय करू नये हेही सांगतो, कारण गाड्या त्यानं जास्त गेल्या आहेत. पेट्रोल, थिनर वापरू नये. बॉडीचं पॉलिकार्बोनेट त्यानं तडकतं. रॉकेलानं टायरचं रबर फुगतं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जवळून मारू नये. हवा कणाला बेअरिंगच्या आत ठोकते. सायकलचा पंप हातभर अंतरावरून मारा, तेवढा जोर पुरतो. ओली गाडी तांदळात पुरू नये, तांदळाची पिठी गिअरमध्ये बसते. वैशाखाच्या उन्हात वाळवू नये, पातळ प्लॅस्टिक वाकडं होतं.

पाणी किती लागतं? माझ्या हिशोबानं एक तांब्या, तोही बॉडी आणि टायरपुरता. हा हिशोब आमच्या जिल्ह्यानं शिकवला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कोणी नळाखाली खेळणं धरलं असतं तर घरच्यांनी हात धरला असता. तेव्हा कोरड्या ब्रशनं साफ केलेल्या गाड्या जास्त टिकल्या, हे माझ्या लक्षात आलं आणि तीच पद्धत मी कायम केली. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही त्यामुळे टळले.

माणसानं दूरवर पाठवलेल्या गाड्यांनाही धूळ सुटलेली नाही. अमेरिकेची 'ऑपॉर्च्युनिटी' ही गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. तिच्याकडून सुमारे नव्वद दिवसांच्या कामाची अपेक्षा होती. सौर तक्त्यांवर धूळ साचून ती थांबेल असं वाटत होतं आणि पुसायला तिथं कोणी नव्हतं. पण मंगळावरच्या कोरड्या वाऱ्यानंच वेळोवेळी तक्ते झाडून काढले. ती गाडी चौदा वर्षं चालली आणि जून २०१८ च्या मोठ्या धुळीच्या वादळात गप्प झाली. शाळेतल्या पोरांना मी हे सांगतो, तेव्हा हातातल्या ब्रशकडे ती वेगळ्या नजरेनं बघतात.

वाळू देण्याची ही शिकवण मात्र मला धंद्यानं दिली नाही. ती माझ्या वडिलांची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, भूकंपात आमचं जुनं किल्लारी पडलं. मी अकरा वर्षांचा होतो. आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. त्या पहाटे पांढरीची घरं, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं, माणसांवर कोसळली. पुढच्या दिवसांत पाऊसही आला आणि ढिगाऱ्याचा चिखल झाला. त्या चिखलातून काही दिवसांनी आईचं शिलाई मशीन निघालं. चाक फिरत नव्हतं, शटलमध्ये माती गच्च बसली होती. मी घागर घेऊन धावलो. वडिलांनी हात धरला.

"पाणी नको. वाळू दे. आपसूक सुटंल."

ते मशीन पत्र्याच्या शेडमध्ये बरेच दिवस तसंच ठेवलं. मग वडील रोज संध्याकाळी कंदील जवळ घेऊन बसत. निंबाच्या काडीनं माती उकरत, कोंबडीच्या पिसानं झाडत, एकेक स्क्रू वाटीत ठेवत. त्या दिवसांत ते फार बोलत नसत. मी वाटी धरून बसायचो. एका संध्याकाळी त्यांनी पिसानं तेल लावलं, चाकाला हात दिला आणि ते फिरलं. आईनं त्यावर पहिलं काय शिवलं ते मला आठवत नाही. तिनं चाकावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही, हे आठवतं.

नवीन किल्लारी जुन्या गावापासून दूर, सरळ आणि रुंद रस्त्यांची वसली. त्याच रस्त्यांवर आता पोरं रिमोटच्या गाड्या पळवतात आणि शेवटी रानात घालतात. घालू द्या. चिखलात न गेलेली गाडी कपाटात चकचकीत राहते, पण तिच्यापासून पोरगं काही शिकत नाही. चिखलातून आलेली गाडी त्यानं स्वतः उघडली, तर गिअर का असतो, तार कुठून कुठं जाते, स्क्रू किती आवळायचा, हे हाताला कळतं. साफ करताना तडकलेली पट्टी दिसते, सैल झालेली तार दिसते. ब्रश चालवता चालवता अर्धी दुरुस्ती तिथंच होऊन जाते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदमळणी करतो. खंडेनवमीला औतं-हत्यारं पुसून पूजेला मांडतो. कामाच्या वस्तूला हात लावून विचारपूस करायची ही आपली रीत आहे. या दिवाळीत घरातल्या पोरापोरींना एक ब्रश, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक ताटली द्या. गाडी त्यांची आहे, ती त्यांनाच उघडू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसून वाटी धरा.

आणि गाडी ओली असेल तर बॅटरी काढा, सावलीत ठेवा आणि एक रात्र थांबा.