मी टीव्हीचा आवाज वाढवला...

रात्रीचे साडेनऊ. डेडलाइन डोक्यावर, मॅगी गॅसवर आणि मी लॅपटॉपसमोर. तेवढ्यात वरच्या फ्लॅटमधून आवाज आला. आधी काहीतरी आपटल्याचा, मग पट्ट्याचा. आणि मग सात-आठ वर्षांच्या मुलाचं रडणं, ‘परत नाही करणार, पप्पा, परत नाही...’

मी काय केलं असेल? टीव्हीचा आवाज वाढवला!

हो, मीच. मास कॉमची डिग्री मिरवणारी, ‘सामाजिक विषयांवर लिहिते’ असं बायोडेटात टाकणारी मी.

त्या मुलाचं नाव इथे लिहिणार नाही. अशा मुलांची ओळख छापायला कायद्यानंच मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. शाळेतून आला की तो जिन्यात बसायचा, दप्तर मांडीवर घेऊन. किल्ली त्याच्याकडे नसायची. आई-बाबा सात-साडेसातला यायचे. मी येता-जाता दिसले की एकच प्रश्न, ‘ताई, किती वाजले?’ मी बिस्किटाचा पुडा द्यायची आणि स्वतःवरच खूश व्हायची. ऐन एप्रिलमध्ये तो फुल स्वेटर घालून बसलेला दिसला, तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

समोरच्या काकूंना विचारलं. ‘अगं, पोरांना थोडा धाक हवाच. आणि लोकांच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?’ वॉचमनकाका म्हणाले, ‘मॅडम, रोजचंच आहे ते.’

रोजचंच. म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं!

खरं सांगू? काकूंचं म्हणणं मलाही आधी पटलं होतं. आईच्या हातचे धपाटे मीही खाल्लेत, दोन्ही अर्थांनी. पण आईच्या पावलांची चाहूल लागली म्हणून मी कधी दाराआड लपले नाही. हा मुलगा मात्र लिफ्टचं दार वाजलं तरी दचकायचा. आणि छळ म्हणजे फक्त मार नव्हे. रोज चार-पाच तास उपाशी, एकटं जिन्यात बसवणं ही हेळसांडच. तिचे वळ उठत नाहीत, म्हणून ती कुणाला दिसत नाही, इतकंच.

पत्रकाराची खोड, म्हणून वाचायला घेतलं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12 हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. महाराष्ट्रही त्यात होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसली होती, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं होतं. ‘आपल्यात असं नसतं’ म्हणणाऱ्यांनी तो जरूर चाळावा.

कायदाही आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार, मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच त्याला मारहाण केली किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लैंगिक छळाबाबत 2012 चा पॉक्सो कायदा आणखी कडक. तिथे माहीत असून कळवलं नाही, तर तो आपलाच गुन्हा!

हे सगळं वाचूनही 1098 हा नंबर फिरवायला मला अकरा दिवस लागले. घरमालक काय म्हणेल? त्यांना कळलं तर? माझा गैरसमज असला तर? आणि सगळ्यात मोठी भीती, पोराला उचलून कुठल्यातरी होममध्ये टाकलं तर?

फोन केला तेव्हा कळलं की यातल्या बहुतेक भीत्या माझ्याच डोक्यात होत्या. 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन 2023 पासून सरकार चालवतं. फोन फुकट, चोवीस तास. नाव गुप्त ठेवा म्हटलं, तर ठेवतात. पुरावे गोळा करणं आपलं काम नाही, शंका कळवणं आहे. आणि मुलाला घरापासून तोडून संस्थेत ठेवणं हा कायद्यातच शेवटचा उपाय आहे.

सिनेमासारखं काही घडलं नाही. दोघं जण आले, घरच्यांशी आणि मुलाशी वेगवेगळे बोलले. बालकल्याण समितीसमोर चकरा झाल्या. वडिलांना समुपदेशनाला जावं लागलं. आई मुलाला घेऊन काही महिने आजीकडे राहिली. सगळं गोड झालं असं नाही, पण जूनमध्ये ते परत आले, आणि आता दुपारी तो जिन्यात नसतो. काकूंकडे बसून होमवर्क करतो. हो, त्याच काकू! त्यांनी आपणहून सांगितलं, ‘शाळा सुटली की आमच्याकडे पाठवा.’

मदत म्हणजे फक्त पोलिस आणि कोर्ट नव्हे. शाळेतल्या बाईंनी स्वेटरबद्दल विचारणं, शेजाऱ्यांनी बेल वाजवणं, थकल्याभागल्या आईला ‘दोन तास मी बघते’ म्हणणं, हीसुद्धा मदतच. फक्त ती फोनऐवजी नको, फोनसोबत हवी.

परवा त्याची आई जिन्यात भेटली. फोन कुणी केला हे तिला आजही माहीत नाही. मला वाटलं, शिव्या घालेल. ती हळूच म्हणाली, ‘कुणीतरी कळवलं म्हणे. अजून आधी कळवायला हवं होतं.’

मी नुसती मान हलवली. अकरा दिवसांचा हिशेब तिला कसा देणार?