एकटी ओळ

आजीची वही टाइप करायला घेतली त्याला आता वर्ष होईल. जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या आठवणी आहेत, सगळ्या बारीक अक्षरात. घरातल्यांसाठी एक पुस्तिका करायची, म्हणून मजकूर वेबपानासारखा मांडला आणि त्याचीच पीडीएफ काढायचं ठरवलं.

तर झालं काय, पानाच्या शेवटी परिच्छेद तुटायचे आणि दोनच ओळी पुढच्या पानावर जाऊन पडायच्या. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर किंवा रकान्यात गेली तर छपाईच्या इंग्रजी भाषेत तिला 'विडो' म्हणतात. पहिली ओळ एकटी खाली अडकली तर ती 'ऑर्फन'. विधवा आणि अनाथ! सीएसएसमध्ये याच नावांचे दोन नियम १९९८ पासून आहेत. त्यांचा मूळ आकडा २. म्हणजे परिच्छेद तुटला तर अलीकडे किमान दोन ओळी आणि पलीकडेही दोन. तीन ओळींचा परिच्छेद मग तुटतच नाही, अख्खा पुढे जातो. मी दोन्हीकडे ३ केले आणि पानं एकदम नीटस दिसायला लागली.

एक ओळ मात्र हटेना.

बाहत्तरच्या दुष्काळात आजोबा गेले, तिथं पान संपतं. पुढच्या कोऱ्या पानावर फक्त एक ओळ, "मग मी खडी फोडायला गेले." आणि प्रकरण संपलं. नियम परिच्छेदातल्या ओळी मोजतो. हा परिच्छेदच एका ओळीचा, त्याला काय मोजणार? शेवटी 'ब्रेक-बिफोर'ला 'अव्हॉइड' सांगितलं. आधीच्या तीन ओळी तिच्या सोबतीला आल्या. मी खूश.

आत्याला दाखवलं. नावं ऐकून ती आधी हसली. "चौंडी आपल्याच तालुक्यात ना रे? अहिल्यादेवींना १७५४ मध्ये वैधव्य आलं, आणि १७६७ पासून २८ वर्षं राज्य केलं त्यांनी. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचंच नाव दिलं. आणि तुमची विधवा म्हणजे पानावरची चूक?"

मग तिनं वही काढली. त्या ओळीच्या आधी आजीनं जागा सोडली होती.

"तिनं मुद्दाम वेगळं लिहिलंय. तू कशाला चिकटवतोस?"

मला उत्तर सुचलं नाही. बाकी सगळीकडे ३ ठेवले, तेवढा एक नियम काढून टाकला.

असो. पुढच्या आठवड्यात छापायला देतोय. प्रत हवी असेल त्यांनी कळवा. आणि ते जवळजवळ कोरं पान दिसलं तर चूक समजू नका.